अंगठा

सेकोट्याच्या पुढे रस्ता संपतो, तिथे गहू वाटतात.
पोत्यावर परक्या देशाचा झेंडा, खाली ‘विक्रीसाठी नाही’.
शाई जांभळी. रांगेतला प्रत्येक अंगठा
आधी गाबीला पुसला जातो, मग बुडतो, मग कागदावर टेकतो
आणि कारकून न बघता पान उलटतो.

मी दुभाषी. रोजावर.
सकाळपासून पेल्हॅमसाहेबांच्या डाव्या खांद्यामागे उभी.
त्यांचं इंग्रजी इकडे, आमची अम्हारी तिकडे,
मध्ये जे सांडतं त्याचे पैसे मिळत नाहीत.

साहेब वाईट नाहीत.
जीपमध्ये अर्धं केळं त्यांनी मला मोडून दिलं
आणि सांगितलं, त्यांच्या गावातलं वाचनालय बंद पडलं,
छत गळत होतं, नगरपालिकेकडे पैसे नव्हते.
त्यांची आई, ब्याऐंशी वर्षांची, फोनवर विचारते,
‘ज्यांचे उपग्रह फिरतात त्यांना तू गहू कशाला नेतोस?’
आईला सांगायला काहीतरी हवं होतं. म्हणून असेल,
रांगेतली एक म्हातारी त्यांनी निवडली.

‘विचार तिला, तिच्या सरकारने उपग्रह सोडलाय
हे तिला ठाऊक आहे का? आणि काय वाटतं त्याचं?’

असा प्रश्न जसाच्या तसा उचलून दिला
तर समोरच्याच्या पायावर पडतो.
मी त्याच्या कडा झिजवल्या.
‘एमामा असेगेदेच, आपलं एक यंत्र वरून जातं,
जमिनीचे फोटो काढतं. ऐकलंय कधी?’

भावाचं नाव मी यात येऊ दिलं नाही.
झेरिहुन. एन्टोटोच्या टेकडीवर, निलगिरीच्या वासात,
रात्रपाळीला बसून तेच फोटो उतरवून घेतो.
जुलैतच म्हणाला होता, तुमचा वाग तपकिरी पडतोय.
अहवाल लिहिला. इंग्रजीत तो मीच केला.
पुढे कुठल्या कुठल्या टेबलांवर तो चहाच्या कपांखाली झोपला
कोण जाणे.
जहाज लागलं नोव्हेंबरात.

म्हातारीने मान वर केली. आभाळ स्वच्छ होतं,
गेले कित्येक महिने होतं तसंच.

‘माझं शेत दिसतं त्याला?’
‘दिसत असेल.’
‘मग म्हणावं, साक्ष दे.
धनी गेला त्या वर्षी दिराने बांधाचा दगड
तीन पावलं आत सरकवला.
पंच विचारतात, पाहिलं कोणी?
हा पाहत होता ना?’

रांगेतल्या बायका हसल्या. ती नाही हसली.

‘काय म्हणते?’ साहेबांचं पेन तयार.
‘म्हणते, ठाऊक आहे. उपयोगी पडेल म्हणते.’
त्यांनी लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

रात्री भावाला फोन केला. तो आधी हसला, मग गप्प.
‘ताई, एका ठिपक्यात तिचं घर, खळं, गाढव आणि तो दीर
सगळं मावून वर जागा उरते.
दुष्काळ दिसतो. तीन पावलं नाही दिसत.’
तरी फोटो पाठवला त्याने.
डोंगरांच्या वळ्यांवर वळ्या, मधूनच तुटलेल्या,
शाई पुरली नाही असा कुणाचा तरी अंगठा.
मी तो बराच वेळ मोठा करत बसले.
मोठा केला की नुसते चौकोन होतात.

जानेवारीत पुन्हा गेले, दुसऱ्याच साहेबांबरोबर.
रिकामं पोतं तिच्या गोठ्याच्या छपरावर, झेंडा उलटा,
चार कोपऱ्यांवर चार धोंडे.
पाचवा धोंडा शेतात, सरकवला होता तिथेच.
तिने कॉफीचं पहिलं पाणी मला दिलं,
साखर नव्हती म्हणून मीठ घातलेलं.

‘बोललीस का त्याच्याशी?’
‘हो.’
‘काय म्हणाला?’

इतकी वर्षं भाषांतर करते आहे,
सरकारी शब्द तोंडात बसलेत.
‘बघतो म्हणाला,’ मी म्हटलं.